मळी ते टर्बो, व्हाया मिरज

एक जनरल नॉलेजचा प्रश्न. आज आपण पंपावर जे इथेनॉल घातलेलं पेट्रोल भरतो, त्याची सरकारी चाचणी आधी कुठे झाली? दिल्ली? मुंबई? की पुणे, कारण गाड्या तपासणारं एआरएआय तिथे आहे?

नाही मंडळी. २००१ सालच्या एप्रिल ते जूनच्या दरम्यान तीन ठिकाणी ५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. एक उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं आंवला. उरलेली दोन्ही आपल्या महाराष्ट्रात: मनमाड आणि मिरज. हो, तेच मिरज. सतारी, मिशन हॉस्पिटल आणि रेल्वे जंक्शनवालं.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, दर दोन महिन्यांनी सातारा-सांगलीकडे गाडी हाकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला वाटतं. कारण हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन वाद हमखास चालतात. एक म्हणजे "ई२० ने माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पाडलं". दुसरा जरा हौशी मंडळींचा: "टर्बो गाडी पूर्ण इथेनॉलवर नेली तर काय पिकअप मिळेल, माहितीये का!" गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत. एकच इंधन एकाला नुकसान करणारं आणि दुसऱ्याला अमृत कसं काय वाटतं? याचं अर्धं उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि उरलेलं अर्धं कृष्णाकाठच्या इतिहासात.

आधी रसायनशास्त्र उरकून घेऊ.

एका लिटर इथेनॉलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत इथेनॉल मिसळलं की अ‍ॅव्हरेज पडणारच. २० टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के, हिशोब सोपा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के हाच आकडा दिला होता. तेव्हा अ‍ॅव्हरेजवाल्यांची तक्रार ही काही अफवा नव्हे.

आता टर्बोवाल्यांची बाजू. खंबाटकीचा घाट चढताय, गाडीत पाच माणसं, एसी चालू, आणि तुम्ही चौथ्या गिअरमध्ये पाय दाबलात. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, दाब आणि तापमान वाढतं, आणि ठिणगी पडून पसरणारी ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपलं आपण पेट घेऊ शकतं. याला नॉकिंग म्हणतात. ते फार झालं तर पिस्टनचं वाटोळं होतं, म्हणून गाडीचा ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, दाब कमी करतो, आणि तुम्हाला वाटतं "गाडी दमली". म्हणजे टर्बो गाडीची ताकद हवा किती कोंबता येते यावर ठरत नाही, नॉकिंग न होता किती कोंबता येते यावर ठरते.

आणि इथे इथेनॉल बाजी मारतं. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त, १०८ च्या आसपास आहे. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि ती उष्णता ते सिलिंडरमधल्या हवेतूनच ओढून घेतं. म्हणजे इंधनाबरोबर कूलर फुकट! तिसरी गोष्ट, तितकीच हवा जाळायला इथेनॉल जास्त लागतं (पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७, इथेनॉलचं ९), त्यामुळे थंडावाही जास्त. जास्त इंधन जातं खरं, पण तेवढ्याच हवेतून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. खरा फायदा पुढे आहे: आता दाब वाढवा, ठिणगी लवकर पाडा, इंजिन कुरकुरत नाही.

हे नुसतं कागदावर नाही. २००५ मध्ये साब कंपनीने स्वीडनमध्ये ९-५ बायोपॉवर नावाची दोन लिटर टर्बो फॅमिली कार आणली. पेट्रोलवर १५० अश्वशक्ती, ८५ टक्के इथेनॉलवर तीच गाडी, तेच इंजिन, १८० अश्वशक्ती. त्याच देशातल्या कोनिगसेगने २००७ मध्ये सीसीएक्सआर काढली. तिची पेट्रोलवर चालणारी बहीण ८०६ अश्वशक्तीची, ही इथेनॉलवर १,०१८ ची. (ही दोन सुपरचार्जरवाली गाडी आपल्या पार्किंगमध्ये मावली तरी सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून जाणार नाही, ते सोडा.)

मात्र हे करायला तयारी लागते. पेट्रोलच्या साधारण दीडपट इंधन टाकू शकणारे इंजेक्टर, तेवढा मोठा पंप, इथेनॉलने न कुजणारे रबरी पाइप आणि सील, टाकीत इथेनॉल किती टक्के आहे ते सांगणारा सेन्सर, आणि त्याप्रमाणे बदलणारा ईसीयूचा मॅप. थंडीत सकाळी गाडी चालू करण्याची वेगळी सोय. नेहमीच्या गाडीत नुसतं इथेनॉल ओतलं तर ती अश्वशक्ती मिळत नाही, फक्त गॅरेजचं बिल मिळतं. इथेनॉलचा गुण हवा असेल तर इंजिन त्याच्या बेताने बनवावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आता आपण इतिहासाकडे वळतोय.

सातारा आणि सांगली हे मुळात एकच. १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. १९४३ ते ४६ या काळात इथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. त्यांच्या कामांमध्ये दारूबंदीची मोहीमही होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदाच केला. आणि लगेच पुढच्या दशकांत याच पट्ट्यात, याच लढ्यातल्या पिढीच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले. सांगलीचा वसंतदादांचा, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा नागनाथअण्णांचा हुतात्मा. गावाकडे ज्यांची मुळं आहेत त्यांना ही नावं पाठ असतील.

आता कारखाना म्हटला की साखर आली, आणि साखर म्हटली की मळी आली. एक टन उसातून साधारण १०० किलो साखर आणि ४०-४५ किलो मळी निघते. काळी, चिकट, उग्र वासाची. तिच्यातून साखर काढणं परवडत नाही, टाकून द्यावी तर ओढे आणि नदी नासते. तिचं करायचं काय? आंबवून ऊर्ध्वपातन केलं की मद्यार्क. म्हणजे ज्या भागाने दारूच्या गुत्त्यांविरुद्ध मोहीम चालवली, त्याच भागात दर हंगामाला मद्यार्काच्या कच्च्या मालाचे तलाव भरू लागले!

सरकारने याकडे पाहिलं ते दारूच्या चष्म्यातून. मळी ठेवायला परवाना, हलवायला परवाना, विकायला परवाना. १९६१ चा मळी नियंत्रण आदेश तर थेट १९९३ मध्ये उठला. इंधन म्हणून हिच्याकडे बघायचा कायदा नव्हता असं नाही हं. १९४८ मध्येच केंद्राने इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट केला होता. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवायची पाळी आली, त्या आठवणी ताज्या होत्या. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची तरतूद त्या कायद्यात होती. पण युद्ध संपलं, आखातातलं तेल स्वस्त झालं, आणि कायदा कपाटात गेला. तो रद्द केव्हा झाला? २००० साली. म्हणजे मिरजेच्या पंपावर इथेनॉलचं पेट्रोल यायच्या जेमतेम वर्षभर आधी! योगायोगच, पण बोलका.

या सगळ्या काळात "हे इंधन म्हणून नक्की कसं आहे?" असा सरळ प्रश्न विचारणारे लोक सातारा जिल्ह्यात होते. फलटणला. तिथली निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ मध्ये बनबिहारी निंबकरांनी सुरू केली. १९८१ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेले अनिल राजवंशी अमेरिका सोडून तिथे रुजू झाले. (तेव्हा फलटण! आपण पुण्याहून पिंपरीला बदली झाली तर कुरकुरतो.) संस्थेने गोड धाटाच्या ज्वारीवर काम केलं: कणीस माणसाला, चोथा जनावराला, धाटाचा रस इथेनॉलला. सौर ऊर्जेवर ऊर्ध्वपातन करून पाहिलं. पुढे जवळजवळ निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी आणि कंदील बनवले.

यातली खुबी बघा. मद्यार्कातलं शेवटचं चार-पाच टक्के पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही, आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ते काढावंच लागतं, नाहीतर टाकीत पाणी वेगळं होतं. त्यासाठी वेगळी यंत्रणा, वेगळा खर्च. फलटणने उलट विचार केला: इंधन जसं मिळतंय तसं घ्या आणि जाळणारं उपकरण त्याच्या बेताने बनवा. अडचण आली ती तंत्रज्ञानात नाही. घराघरात इथेनॉल द्यायचं म्हटलं की अबकारी नियम आडवे येतात, हे राजवंशी यांनी वेळोवेळी लिहिलं आहे. पुन्हा दारूचा चष्मा.

आता मिरजेकडे परत येऊ. २००१ च्या सुमारास देशात साखरेची गोदामं भरून वाहत होती, कारखाने अडचणीत होते. चाचणी यशस्वी ठरली, आणि जानेवारी २००३ पासून ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सक्तीचं झालं. सगळं छान, फक्त एक गोष्ट कुणी उसाला विचारली नव्हती. २००२ च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखी कीड. महाराष्ट्रातली तिची ही पहिली नोंद. ती पसरली, पाठोपाठ दुष्काळ आला, ऊस घटला, मळी घटली. २००४ मध्ये सरकारने सक्ती सैल केली: इथेनॉल उपलब्ध असेल आणि भाव परवडत असेल तरच मिसळा. उलट ब्राझीलहून इथेनॉल आयात करायची वेळ आली. २००६ मध्ये २० राज्यांसाठी पुन्हा श्रीगणेशा झाला.

याच २००३ सालात ब्राझीलमध्ये काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघा. त्यांनी १९७५ मध्ये, तेल संकटानंतर, आपला कार्यक्रम सुरू केला होता. १९७९ मध्ये फियाट १४७ निव्वळ इथेनॉलवर आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी बहुतेक इथेनॉलच्या होत्या. मग १९८९ च्या सुमारास इथेनॉलचा तुटवडा पडला, पंपांवर रांगा लागल्या, लोकांचा विश्वास उडाला. हा धडा घेऊन मार्च २००३ मध्ये फोक्सवॅगनने तिथे गोल टोटल फ्लेक्स आणली, कुठल्याही प्रमाणात पेट्रोल-इथेनॉल चालणारी. त्यांनी अडचणीचं उत्तर इंजिनात शोधलं. आपण शोधलं कारखान्याच्या ताळेबंदात.

हे मी उगाच बोलत नाहीये. सप्टेंबर २०१८ पासूनची आपली भाव ठरवण्याची पद्धत बघा. सी-हेवी मळीपासून (सगळी साखर काढून झाल्यावर उरलेली) बनलेल्या इथेनॉलला एक भाव, बी-हेवीला (थोडी साखर मुद्दाम सोडलेली) दुसरा, आणि थेट उसाच्या रसापासून बनलेल्याला तिसरा. २०२२-२३ मध्ये हे भाव लिटरला ४९.४१, ६०.७३ आणि ६५.६१ रुपये होते. रेणू एकच! आपल्या भाषेत सांगायचं तर आउटपुट तेच, पण बिलिंग इनपुटवर. इंजिनाला तो कशापासून आला ते कळत नाही, पण सरकारला तेच कळायला हवं होतं, कारण किती साखर बाजारातून काढून घ्यायची हा मूळ प्रश्न होता.

त्याचा फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे साखरेपेक्षा लवकर येतात. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं १९६६ चा आदेश सांगतो, पण ते थकल्यावर काय होतं हे वाळवा-कराडकडच्या कुठल्याही घरात विचारा. पोराची फी, बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या बिलावर असतं. तेव्हा इथेनॉलने कारखान्यांना हात दिला, हे खरंच.

पण पायाच साखरेचा असेल तर इमारतही साखरेबरोबर डोलणार. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळीत हंगामात, पाऊस कमी झाल्यामुळे साखर महागेल म्हणून रसापासून इथेनॉल बनवायला केंद्राने बंदी घातली. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घालून ती सैल केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण उठवली. दरम्यान ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवल्या होत्या त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. २०२३-२४ पासून देशातल्या इथेनॉलमध्ये धान्याचा, मुख्यतः मक्याचा, वाटा उसापेक्षा जास्त झाला.

आता मिरजेची दुसरी गोष्ट. एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, आणि पाण्याची रेल्वे, "जलदूत", निघाली ती मिरजेहूनच. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. नीती आयोगाच्या त्याच अहवालात असंही आहे की उसातल्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. भागाकार करा. ती अख्खी पहिली रेल्वे म्हणजे १७५ लिटर इथेनॉल. चार-पाच गाड्यांच्या टाक्या. (मळीचं इथेनॉल साखरेचं उपउत्पादन असल्यामुळे त्याचा हिशोब वेगळा मांडता येईल, पण रसाच्या इथेनॉलला ही पळवाट नाही.) आणि याच सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठे महांकाळ हे दुष्काळी तालुके आहेत, जिथे कृष्णेचं पाणी टेंभू-म्हैसाळ योजनांनी उचलून चढवावं लागतं.

इथे रसायनशास्त्र आणि इतिहास एकमेकांना भेटतात. एवढं पाणी, एवढं राजकारण, एवढे परवाने मोजून आपण जे इंधन बनवतो, त्याचा मुख्य गुण कोणता? नॉकिंगला न जुमानणं. आणि आपण ते कशात जाळतो? बहुतांश अशा इंजिनांत, ज्यांना त्या गुणाचा उपयोगच नाही. फार तर नॉक सेन्सर असलेलं एखादं इंजिन थोडासा फायदा उचलतं. बाकी ठिकाणी इथेनॉल म्हणजे फक्त कमी ऊर्जेचं पेट्रोल. २०२५ मध्ये आपण २० टक्क्यांवर पोचलो, ठरल्या वर्षाच्या पाच वर्षं आधी. पण त्या सगळ्या प्रवासात आपला प्रश्न एकच राहिला: इंजिन हे सहन करेल ना?

दुसरा प्रश्न विचारणारे जगात होते. २००५-०६ च्या सुमारास एमआयटीत डॅनियल कोन, लेस्ली ब्रॉमबर्ग आणि जॉन हेवूड (मेकॅनिकलवाल्यांनो, हो, तेच जाड पुस्तकवाले हेवूड) यांनी एक कल्पना मांडली. छोटं टर्बो इंजिन, मुख्य टाकीत पेट्रोल, आणि शेजारी इथेनॉलची छोटी टाकी. एरवी पेट्रोल. खंबाटकीसारखा चढ आला, नॉकिंगची भीती निर्माण झाली, की तेवढ्यापुरतं इथेनॉल थेट सिलिंडरमध्ये. इथेनॉल थोडंसंच लागतं, पण त्याच्यामुळे इंजिन लहान आणि जास्त दाबाचं करता येतं, आणि एकूण इंधन वाचतं. सगळीकडे सरसकट मिसळण्याच्या बरोबर उलटा विचार. ते बाजारात आलं नाही. दोन टाक्या भरायचा वैताग कोण घेणार, वगैरे. पण प्रश्न अचूक होता.

आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरींनी इथेनॉलवर चालणाऱ्या इनोव्हाचा नमुना दाखवला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर ई१०० विकायची घोषणा झाली. पंप आधी, गाडी नंतर. आपला नेहमीचा क्रम.

मी काही कुणाला गाडी ई१०० वर न्या असं सांगत नाहीये. वॉरंटी जाईल आणि शिव्या मला बसतील. सांगायचा मुद्दा एवढाच की टर्बो आणि इथेनॉल हा नुसता पोराटोरांचा पिकअपचा शौक नाही. उसाच्या पट्ट्याला आणि त्याच्या पाण्याला न्याय देणारं इंजिन बहुधा तसंच असेल: लहान, टर्बो लावलेलं, जास्त दाबाचं, आणि इथेनॉलच्या बेताने बनवलेलं. गाडी घ्यायला जाल तेव्हा सेल्समनला "ई२० चालतं का?" हे विचारू नका, तो हो म्हणणारच. "ई२० मुळे ही गाडी जास्त काय देते?" हे विचारा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा.